व्यंकय्याने मोजलेले पाणी

बालव्वा, राजेशम, पंच आणि साखर पेठेतल्या माझ्या सगळ्या मंडळींनो,

देवळाची ओवरी भरून गेली आहे. पायऱ्यांवरही माणसे बसली आहेत. आज या पेठेत एकही माग वाजत नाही. येताना गल्लीतून चालत आलो, तेव्हा ती शांतता कानाला टोचली.

ज्याच्या हातून रोगी गेला, त्या डॉक्टरने शोकसभेत बोलायला उभे राहायचे, हे धाडसच आहे. पंचांनी विचारले तेव्हा मी हो म्हणून बसलो. पण व्यंकय्याबद्दल जे मला ठाऊक आहे ते इथे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. ते मी सांगितले नाही, तर माझ्याबरोबरच जाईल. म्हणून बोलतो. सांभाळून घ्या.

माझ्या चुकीपासून सुरुवात करतो.

मी बार्शीचा. मुंबईहून नवी पदवी घेऊन सोलापुरात आलो आणि दवाखाना थाटला. पहिल्याच उन्हाळ्यात व्यंकय्या आला. कमरेत वाकलेला, चेहरा घामाने भिजलेला. बरगडीखालून कळ निघते आणि जांघेपर्यंत उतरते, म्हणाला. बाहेर रोग्यांची रांग होती. मी पोट दाबले, जीभ पाहिली आणि सांगितले, "वायू धरलाय. ही पुडी घे, ओवा खा."

"सायेब, वायू न्हाय हो. आत कायतरी चालतंय."

"डॉक्टर तू का मी?" मी म्हणालो.

मंडळी, असे बोललो मी. खोटे कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी तो परत आला. ताठ चालत आला. धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एक खडा माझ्या टेबलावर ठेवला. काटेरी खडा. लघवीतून पडलेला.

"सायेब, ह्यो बगा तुमचा वायू."

मला वाटले, आता हा भांडणार. चार लोकांत बोलणार. पण तो भांडायला आलाच नव्हता. तो म्हणाला, "दुसऱ्या कुनाला आसंच हुईल. तवा त्येला वायू म्हनू नगा. येवढंच दावाय आनला."

एवढे बोलून तो मागावर परत गेला.

दोन वर्षांनी पुन्हा आला, तेव्हा मात्र त्याला खाटेवर घालून आणला होता. खडा मूत्राशयात उतरून वाढला होता आणि लघवी अडली होती. मी मूत्राशय उघडून खडा काढला. सुपारीएवढा होता. अशी शस्त्रक्रिया मी एकट्याने पहिल्यांदाच केली होती, त्यामुळे छाती फुगली होती. तो उठून बसण्याजोगा झाल्यावर मी मोठ्या ऐटीत तो खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "सायेब, ताण्याचं सूत तुटलं की आमी जोडतो. पर रोज तितंच तुटाय लागलं तर सूत न्हाय बगत. फनी बगतो. फनीचा दात बिगडल्याला असतो. तुमी सूत जोडलं, लई झ्याक जोडलं. पर माजी फनी कवा बगनार?"

माझी ऐट तिथेच उतरली. खडा कसा काढायचा हे मी शिकलो होतो. तो का होतो हे मला कोणी विचारलेच नव्हते. मीही कोणाला विचारले नव्हते.

मी पुस्तके काढली. एका पुस्तकात ओळ होती, 'अशा रोग्याने भरपूर पाणी प्यावे.' पण भरपूर म्हणजे किती? आणि एखादा पीत नसेल तर का पीत नाही? ते त्या पुस्तकाला ठाऊक नव्हते. ते व्यंकय्याला ठाऊक होते.

"दिवसभरात पाणी किती पितोस?"

"सकाळी एक तांब्या. मग सांजच्याला."

"मधे?"

"मधे कसं पिऊ, सायेब? खड्ड्यात पाय सोडून बसल्यालो. पानी पिलं की उठावं लागतं. मोरी लांब. उठलं की धोटा थांबला, धोटा थांबला की लुगडं मागं पडलं. त्यापरीस पानीच नगं."

ऐकता ना? वैशाखातले सोलापूरचे ऊन, वर तापलेले पत्रे, आणि माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तहान मारून बसलेला. पाण्याच्या हंड्याच्या तळाशी किटण धरते, ते तुम्ही रोज पाहता. पोटात पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते, आणि तिच्यातला क्षार असाच बसतो. एकावर एक थर चढतो. त्याचाच खडा होतो.

हे मला वाटत होते. पण वाटणे वेगळे, सिद्ध करणे वेगळे. त्यासाठी रोज मोजायला हवे होते. पाणी किती प्यायला, लघवी किती झाली, ती घट्ट की पातळ. एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे. मी भीत भीत विचारले. तो म्हणाला, "मोजू की. त्यात काय?"

बालव्वा, नवऱ्याच्या त्या कामाला तुम्ही घरातले एक गाडगे काढून दिलेत. वर मला म्हणालात, "लोकाच्या घरी दूध मोजतेत, आमच्या घरी ह्ये मोजतेत." आज तुम्ही हसलात, बरे वाटले. हसा.

त्याला अक्षर येत नव्हते. मी काचेची नळी दिली, तिच्यावरच्या रेघा मोजायला शिकवले. ताण्याचे हजारो धागे नजरेने मोजणारा माणूस तो. त्याला रेघांचे काय कठीण? प्यालेल्या दर तांब्याला तो पांढऱ्या दोऱ्यात एक गाठ मारी, लघवीच्या मापाला तांबड्या दोऱ्यात. आठवड्याने मी दोन्ही दोरे उलगडून वहीत उतरून घेई. त्या दोऱ्यांत मला कधी चूक सापडली नाही. माझ्या वहीत सापडल्या.

सगळी गल्ली हसली त्याला. इथे बसलेल्यांपैकीही काही जण हसले असतील. मग एकेकाला कळ आली. आणि हसणारेच एकेक करून त्याच्या ओट्यावर आले. त्याने कोणाला टोमणा मारला नाही. गाडगे घ्या म्हणाला, दोरा घ्या म्हणाला.

पण मागावर बसून पाणी प्यायचे कसे, हा मूळ प्रश्न राहिलाच होता. तो माझ्याने सुटला नाही. बालव्वांनी सोडवला. दुपारी कळशी कमरेवर घेऊन त्या कारखान्यात शिरल्या आणि एकेका मागापाशी उभ्या राहून पाणी पाजू लागल्या. मालक ओरडला. त्यावर या काय म्हणाल्या? "तान्हेल्याला पानी पाजलं की पुन्य लागतंय म्हनं. तुमाला नगं का?" मालक वाटेतून बाजूला झाला. महिन्याभरात विणकरांनी आपल्या हातांनी कारखान्याच्या मागच्या अंगाला मोरी बांधली. आज पेठेतल्या कितीतरी कारखान्यांत मागापाशी पाण्याचा डेरा दिसतो. तो तिथे आपोआप आलेला नाही.

आता जे सांगायचे आहे ते जड आहे.

काही वर्षांनी मला दिसू लागले, की जे नेमाने पाणी पितात त्यांची दुखणी थांबली आहेत. व्यंकय्याला तर पुन्हा खडा झालाच नाही. मी निबंध लिहिला. पुण्याला डॉक्टरांची परिषद भरायची होती, तिथे वाचणार होतो. आणि जायच्या आठवड्यात राजेशमला कळ आली. व्यंकय्याचा हा धाकटा भाऊ. नेमाने पाणी पिणारा. तरी खडा झाला.

मी काय केले? राजेशमचे नाव निबंधातून काढून टाकले. मनाशी म्हणालो, याने लपवाछपवी केली असेल, पाणी प्यायला नसेल.

व्यंकय्या संध्याकाळी आला. म्हणाला, "काय लिवलंय ते मराटीत वाचून दावा." मी वाचले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"ह्यात राजेशम कुटं हाय?"

मी कागदांची घडी घालू लागलो.

"त्यानं पानी पिलंय, सायेब. माज्याम्होरं पिलंय."

"अरे, त्या एकट्यामुळे सगळ्यावर पाणी पडेल. कोणी विश्वास ठेवणार नाही."

तेव्हा तो म्हणाला, "लुगड्यात धागा चुकला तर आमी गिऱ्हाइकाला दावून इकतो. घडीत लपवला, तर पुढच्या येळी कोन इस्वास ठिवंल? माजा भाऊ हाय म्हनून सांगतो. त्येचं बी लिवा. का झालं ठावं न्हाय, आसं लिवा."

मी लिहिले. त्याच्यासमोर बसून लिहिले.

पुण्याला मी निबंध वाचला. एक मोठे शल्यवैद्य उठून म्हणाले, "पाणी प्या, हे सांगायला संशोधन कशाला?" सभा हसली. मी खाली मान घालून बसलो. पण नंतर एक वृद्ध डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मी तुमच्या निबंधावर विश्वास ठेवतो. का, सांगू? ज्याला गुण आला नाही, त्याचेही पान तुम्ही ठेवलेत. माझ्या इस्पितळात हे करून पाहतो." त्यांनी ते करून पाहिले. अजून त्यांची पत्रे येतात. त्यांच्याकडे भट्टीपाशी राबणाऱ्या रंगारी लोकांजवळ आता पाण्याचे मडके असते.

त्यांनी तेव्हा मला एक प्रश्न विचारला होता. "ते पान ठेवण्याचा सल्ला कोणी दिला?"

मी म्हणालो, "माझ्या एका सहकाऱ्याने."

नाव सांगितले नाही. अक्षर न येणाऱ्या विणकराने दिला, हे सांगायची मला लाज वाटली. मंडळी, आज त्या लाजेची लाज वाटते. परवाच्या पत्रात मी त्यांना पूर्ण नाव कळवले आहे.

गेल्या महिन्यात व्यंकय्याला न्यूमोनिया झाला. पाच दिवस मी जातयेत होतो. शेक दिले, औषधे दिली. या रोगावर हमखास औषध आज माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. पण उद्या असेल. असे मी नुसते धीर द्यायला म्हणत नाही. का होते म्हणून विचारणारी आणि नेटाने मोजणारी माणसे जगात आहेत, हे मी या पेठेत डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून म्हणतो.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला थोडी हुशारी वाटली. मला जवळ बोलावून म्हणाला, "राजेशमचं कारन गावलं का?"

"नाही रे, अजून नाही."

"बगत ऱ्हावा. गावंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आणि या सोमवारी दवाखाना उघडतो तर पायरीवर राजेशम बसलेला. हातात गाडगे, फडक्याने झाकलेले. पाणी पिऊनही खडा झाल्यापासून त्याने मोजणे सोडून दिले होते. मी त्याला खोटा ठरवला म्हणून माझ्यावर रागही होता त्याचा, आणि तो रास्त होता. मला म्हणाला, "पान्यानं माजं भागलं न्हाय. मग मी काय खातो, कुटल्या हिरीचं पानी पितो, समदं इचारा. कायबी लपवनार न्हाय." परवा त्याच्याबरोबर आणखी दोघे आले, पाणी पिऊनही ज्यांना गुण नाही असे. आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. उत्तर मला सापडेल की माझ्यामागून येणाऱ्या एखाद्या डॉक्टरला, ते सांगता येत नाही. पण प्रश्न आता बरोबर विचारला जातो आहे.

आता आपण सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नये. ज्याला त्याला आपला व्यंकय्या आठवू द्या. त्याआधी माझे एकच वाक्य राहिले आहे. इतकी वर्षे मी त्या माणसाला अरे-तुरे करत आलो. तो मला सायेब म्हणायचा आणि मला त्यात कधी काही खटकले नाही. आज तेवढे दुरुस्त करतो.

व्यंकय्या, तुम्ही माझे गुरू होतात. तुम्हाला माझा नमस्कार.