मशीनसाठी शिळी भाकर

सोयगावच्या गाडीतून उतरून वच्छलाबाई बसस्थानकावरच्या बाकावर टेकल्या. घ्यायला आलेली लेक प्रांजली विद्यापीठात संशोधन करत होती. शेजारी दौलताबादच्या गाडीची वाट बघत बसलेल्या अनिसाच्या कानावर दोघींचं बोलणं आपसूक पडू लागलं.

"माय, परवाची भाकर आणलीस ना?"

"नाय. ताजी आणली. पहाटंच थापली."

"अगं, बाराला क्ष-किरणांच्या मशीनवर माझा नंबर आहे. महिनाभर थांबलेय त्यासाठी!"

"मग ताजीच दाव. मशीनला काय कळतंय?"

"तिलाच तर कळतं. भाकर भाजताना पिठातल्या स्टार्चच्या रेणूंची रांग मोडते. शिळी झाली की ते पुन्हा रांगेत बसतात, म्हणून ती कडक होते. ती रांग किरणांनी दिसते."

"शिळी भाकर कडक व्हती, हे कळायला एवढी मोठी मशीन?"

अनिसानं ओढणीआड हसू दाबलं.

"चारदा फोनवर सांगितलं होतं, माय. आता पुढचा नंबर दिवाळीनंतर."

"रडू नको. ही घे."

वच्छलाबाईंनी पिशवीच्या तळातून दुसरं फडकं काढलं.

"ही तर परवाचीच! मग नाय कशाला म्हणालीस?"

"ती तुला नव्हती आणली. माझ्या दुपारच्याला व्हती."

प्रांजलीनं फडकं आपल्या पिशवीत ठेवलं.

"समदी लागती का गं मशीनला?"

"चिमूटभर."

"मग बाकीची दे माघारी."

"नाय," प्रांजली मायच्याच बोलीत म्हणाली. "मशीनला लई भूक हाय. तू ताजी खा."