फुकटचा ठेका

त्या फुकटच्या ठेक्याचं कौतुक मला सांगू नका. गिटार मी कुणाच्या क्लासला न जाता शिकले, आणि साथीला कायम शेजारची कुसुम, पिठाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन. नाशिक रोडची आमची अख्खी कॉलनी ऐकायची. मग तिच्या मुलाने तिला पुण्याला नेलं आणि माझी गिटार कपाटावर गेली.

परवा सून म्हणाली, "आई, यूट्यूबवर बॅकिंग ट्रॅक फुकट मिळतात. ड्रम, बेस सगळं असतं, आपण फक्त गिटार वाजवायची."

लावला. मी कॉर्ड बदलायला जरा थांबले, की तो आपला पुढे!

"अगं, याला थांबायला सांग!"

"आई, तो थांबत नसतो."

"मग ही कसली मेली साथ?"

मी सरळ कुसुमला फोन लावला. "डबा आहे का गं तिथे?"

"आहे की! फोन स्पीकरवर टाक."

दोघी सुरू झालो. सून हळूच म्हणाली, "आई, नेटवर्कमुळे मावशींचा ठेका मागे पडतोय."

म्हटलं, "नेटवर्कला नावं ठेवू नकोस. मांडीला मांडी लावून बसायची, तेव्हाही असाच पडायचा."