गल्लीच्या तोंडाशी तीन खांब

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, माननीय विभाग अधिकारी मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय अभियंते, एकतीस वर्षांची नोकरी पुरी करून आज निरोप घेणारे, तक्रार खिडकीवरचे आपले सर्वांचे अण्णा, कर्मचारी बंधू-भगिनींनो, आणि त्या खिडकीपुढे वर्षानुवर्षे माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्या नागरिक मित्रांनो,

आधी एक विनंती. हा फोन मी समोर ठेवलाय आणि मधून मधून त्याच्याकडे बघणार आहे. कृपया राग मानू नका. आमची ही घरी अंथरुणावर आहे. शेजारीण बसलीय तिच्याजवळ, पण ती माऊली घाबरली की तिला स्वतःचाही नंबर आठवत नाही.

आता मला सांगा, निरोपाच्या समारंभात भाषणाला तक्रारदार बोलवायचा, ही कल्पना कुणाची असेल? अण्णांचीच! या कार्यालयात मला 'तक्रारकाका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. एकोणीस वर्षांत माझ्या नावावर दोनशे बारा तक्रारी आहेत. तुंबलेलं गटार, गटाराचं पळवलेलं झाकण, बुजवून आठवडा व्हायच्या आत पुन्हा खणलेला रस्ता. एकदा लिहिलं, आमच्या गल्लीतला दिवा दिवसा लागतो आणि अंधार पडला की विझतो. उत्तर आलं, 'दिवा चालू असल्याची समक्ष खात्री केली.' खात्री भर दुपारी केली होती! हसा, हसा. मीही हसलो होतो, पण चार दिवसांनी.

माझी पहिली तक्रार अकरा पानांची होती. अण्णांनी ती सगळी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काका, राग घरी ठेवून येत चला. इथे जागा सांगा आणि तारीख मागा. कुणी 'लवकरच' म्हणालं, तर खुर्चीतून उठायचं नाही." मग त्यांनीच अकरा पानांच्या तीन ओळी करून दिल्या. आठव्या दिवशी झाकण बसलं. तेव्हापासून मी तीन ओळींतच लिहितो. भाषण मात्र मला अजून आवरता येत नाही, हे तुम्ही बघताच आहात.

आमच्या गल्लीतून मोठे टेम्पो सुसाट जायचे. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. मी सहा वर्षं पिच्छा पुरवला, म्हटलं खांब लावा. अखेर लागले. गल्लीच्या तोंडाशी तीन खांब, सिमेंटचे, चांगले कमरेएवढे. टेम्पो बंद झाले. शेजाऱ्यांनी माझा सत्कार केला, फोटो काढले. मीही खूश होऊन समाधानपत्र लिहून दिलं. 'काम समाधानकारक झाले. मी आभारी आहे.' आभारीच्या खाली रेघसुद्धा मारली.

मी जन्मभर कारखान्यात नकाशे काढले. मापांवर पोट भरलं माझं. पण त्या खांबांमधलं अंतर मोजायचं मला सुचलं नाही.

दीड महिन्यापूर्वी, सकाळी पावणेअकराला, भाजी निवडता निवडता ही खुर्चीतून कलली. फोन केला. रुग्णवाहिका सहा मिनिटांत आली. या शहरात सहा मिनिटांत! आणि आमच्या खांबांशी येऊन थांबली. रिक्षा जाते तिथून, छोटी मोटार जाते. रुग्णवाहिका जात नाही. दीड वीत कमी पडते. गल्लीचं दुसरं तोंड दोन वर्षं खणून ठेवलंय, त्याची तक्रार क्रमांक दोनशे चार. मग चादरीत घालून तिला नेलं, तीनशे दहा पावलं. चालक ओरडत होता, "कुठल्या शहाण्यानं हे खांब लावून घेतलेत?" मी त्याच्या शेजारीच होतो, हिच्या चपला हातात धरून.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला इतका वेळ मिळायचा नाही. तेव्हापासून दारावरची बेल वाजली तरी मी आधी हिच्या खाटेकडे धावतो.

मी खिडकीवर धावलो. अण्णांनी फाईल काढली आणि माझंच समाधानपत्र माझ्यापुढे ठेवलं. नियम असा आहे की ज्या कामाला आपण समाधान दिलं, त्याच्याविरुद्ध त्याच माणसाची तक्रार पुढे जात नाही. तरी अण्णांनी ती घेतली. सुटीच्या दिवशी स्वतःचा टेप घेऊन आले आणि रस्त्यावर बसून मोजलं. दर सोमवारी वर विचारत राहिले. वरून उत्तर यायचं, 'विचाराधीन.'

आणि आता अण्णा निवृत्त. निवृत्त होणाऱ्याचं टेबल रिकामं लागतं. एकही तक्रार शिल्लक राहिली तर त्यांचे पेन्शनचे कागद अडतात. त्यांच्या टेबलावर एकच शिल्लक आहे, माझी. काल सकाळी ते घरी आले, समाधानाचा कोरा फॉर्म घेऊन. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "काका, सही नाही केलीत तरी चालेल. माझं मी बघेन." आणि मान खाली घालून बसले.

सही करावी तर तक्रार मिटते आणि खांब कायमचे राहतात. न करावी तर हा भला माणूस अडकतो. मी नुसता पेन उघडत होतो आणि मिटत होतो. शेवटी ही आतून म्हणाली, "अहो, त्यांना कशाला अडकवताय? करा सही, आणि मला एक कागद द्या. त्याच माणसाची तक्रार चालत नाही ना? मग मी कोण आहे? पंचेचाळीस वर्षांत माझी तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

अण्णा, हे तुमचं समाधानपत्र. सही केलीय. रेघ मारलेली नाही.

आणि हा दुसरा कागद. अक्षर हललंय, म्हणून मी वाचतो. 'माझ्या नवऱ्याने चुकीने मागून घेतलेल्या खांबांमुळे रुग्णवाहिका माझ्या दारापर्यंत येत नाही. अंतर दीड वीत कमी आहे. मला जगायचे आहे.' तीनच ओळी आहेत, अण्णा. तुम्ही शिकवल्याप्रमाणे.

कार्यालय सहाला बंद होतं. आता साडेपाच झालेत, म्हणजे अजून अर्धा तास तुम्ही नोकरीत आहात. तुमच्या हातचा शेवटचा शिक्का यावर मारा आणि कागद मॅडमच्या हातात द्या. टेबल रिकामं झालं.

मॅडम, मघाशी चहाच्या वेळी आपण मला म्हणालात, "बघू, लवकरच करू." आपला मान राखून सांगतो, मी या माइकपासून हलणार नाही. राग मी घरी ठेवून आलोय. आपण फक्त तारीख सांगा.

अण्णा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मला बोलायची संधी दिलीत, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पदरात घ्या. माझी मोठी चूक मात्र गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, तिची माफी मी घरी मागेन.

मॅडम, मी थांबलोय. तारीख?