वस्तादाच्या तोंडची पत्ती

माहं नाव पार्बता. माहेर नागऱ्याचं, तिथं महादेवाचं जुनं देऊळ हाये ना, त्याच्या मांगच्या गल्लीतलं, अन् लगन होऊन आली ते इकडं बोदलकसाच्या तलावाखालच्या या गावात. खासरात, म्हंजे बैलगाडीत, बसून आली तं चिखलात चाक फसलं, नवरीलेच खाली उतरून ढकला लागलं, तवाच समजली मी का इथं बसून खाले भेटनार नाई. तवा गोंदिया जिल्हा नव्हता बाई, सारा भंडाराच. तलावाच्या पान्यावर आमच्या धानाच्या बांध्या, एक म्हैस, अन् नवरा असा का तोंड म्हंजे कुलूप लावलेली कोठी. हो म्हनाचं असन तं मान हालवे, नाई म्हनाचं असन तं उठून जाये. मी एकटीच बोलाची, त्याच्या वाटचंही मीच बोलाची.

तुळसा मोठी. तिच्या मांगून सुखदेव, देशाले सुराज भेटलं तवा तो पाळन्यात होता. पोट्टा बारका, छातीच्या फासळ्या दिसत, पन कान मोठे तेज. गावात कोनाचं लगन निघालं का हा जेवाले नाई जाये, वाजंत्र्यायच्या पुढं जाऊन उभा राहे. घरी आला का पपईच्या पानाचा देठ कापून पीं पीं करे, म्हैस दूध चोरे त्याच्या आवाजानं. मी म्हनो, सुखदेव, थांब ना गा, तं म्हने माय, मले डोमाजीवानी वाजवाचं हाये.

डोमाजी आमच्या गावचा सनईवाला. त्यायची वस्ती गावाच्या त्या टोकाले, अन् त्या काळी त्यायच्या हातचं पानी आमच्यात चालत नव्हतं. लगन त्याच्या सनईबिगर लागत नव्हतं, पन मांडवाच्या आत त्याले पाय ठेवता येत नव्हता. असं होतं बाई. मास्तर सांगे का आता कायदा झाला, असं चालत नाई, पन कायदा तिरोड्यापर्यंत आला असन, आमच्या गावात काई आला नव्हता.

एक दिवस डोमाजी शेताच्या धुऱ्यावर भेटला, दुरूनच हात जोडून म्हने, बाई, तुमच्या पोराच्या कानात सूर हाये, देता का शिकाले. मी घरी येऊन नवऱ्याले सांगतलं. तो जेवत होता. मले वाटलं आता उठून जाते. नाई उठला. पेज पिऊन झाल्यावर म्हने, म्हशीचं दूध इकू नोको, पोट्ट्याले दम लागन. बस, तेवढंच बोलला.

गाव म्हने शिकू द्या, शिकाले काय जाते, दुरून शिकते. वस्ताद आपल्या आंगनात बसे, सुखदेव गल्लीच्या अल्याड दगडावर बसे, सारे पाहत अन् साऱ्यायचं समाधान होये. पन सनई काई दुरून येते का बाई? सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची पत्ती राहते, नखाएवढी, तेच सनईची जीभ. ती सुकली का आवाज नाई, जास्त भिजली तरी नाई. कोनी पाहत नसलं का वस्ताद पहिले आपल्या तोंडात धरून तिले ओली करे, ओठात दाबून पाहे, सूर लागला का काढून पोराले देये, अन् पोरानं तशीच तोंडात घ्याची. हातानं दाखवता येत नाई ते, तोंडातूनच तोंडात द्या लागते.

मी त्याले भाकर घेऊन गेली होती एक दिवस, तवा पायलं. माहे पाय तिथंच थांबले. आंगावर काटा आला, खोटं कायले सांगू, माही आजी असती तं तिनं चुलीतलं लाकूड घेऊन मारलं असतं. मंग सुखदेवनं फुकलं, अन् त्या मरतुकड्या छातीतून असा लंबा आवाज निघाला, असा भरलेला, का मी भाकर तशीच धरून उभी राहिली. घरी येऊन बाहेरच्या कोनाले काई बोलली नाई. नवऱ्याले सांगतलं. त्यानं मान हालवली, म्हंजे त्याले माहीतच होतं.

मंग मीच सुखदेवच्या मांगं लागली. दम तुटू नये म्हनून वस्तादानं सांगतलं होतं, एरंडाच्या देठाची नळी घे, पितळी गंजात पानी भर अन् त्यात फुक, नाकानं श्वास घे पन बुडबुडे थांबू देऊ नोको. मी इकडं धान उकडत बसो, तिकडं सुखदेव गंजात फुके, अन् बुडबुडे थांबले का मी चुलीपासूनच वरडो, थांबला रे. तुळसा हासे. म्हने माय, तूच शीक ना. तिले भावाचा मोठा जीव. नळ्या तीच तोडून आने.

तुळसाले पाहाले मोठ्या घरचे आले, तिरोड्याच्या अंगचे. पोरगा चांगला, जमीन चांगली, आमच्यावानी लोकायले असं घर भेटत नाई. आमच्या जातीचा मुखिया मधी होता, त्यानंच जुळवलं. साक्षगंधाचा दिवस धरला. छपरीत सतरंज्या टाकल्या, व्याही आले, व्याहीन आली, बंड्याच्या बंड्या भरून लोकं आले. डोमाजी निंबाखाली बाहेर बसून वाजवून राहिला होता, सुखदेव त्याच्यापासून हात-दोन हात अंतर ठेवून. तुळसाच्या ओटीत नारळ घातला, कुंकू लावलं, अन् व्याही खुशीत येऊन म्हने, तुमचा पोरगाही वाजवते म्हनते, होऊ द्या ना. मले इतका आनंद झाला बाई, मीच म्हनली, वाजव ना गा सुखदेव, व्याहीबुवा म्हनून राहिले.

त्यानं सनई तोंडाले लावली अन् नुसती हवा. पुन्हा फुकली, फुस. उन्हानं पत्ती सुकून गेलती. लोकं हासले. पोट्टा घाबरला, अन् घाबरलेलं लेकरू जसं रोज करते तसंच केलं त्यानं, वळला अन् पत्ती काढून वस्तादापुढं धरली. डोमाजीलेही रोजची सवय. त्यानं घेतली, तोंडात घातली, ओठात दाबली, वापस देल्ली. सुखदेवनं तशीच तोंडात घेतली अन् वाजवलं. काय वाजवलं बाई. पन कोनी ऐकलंच नाई. व्याह्याचं पान चाबनं थांबलं. व्याहीनीनं पदर आवरून घेतला. मी हातात पोह्याची परात घेऊन उभी, मले खाली ठेवता येईना अन् पुढंही जाता येईना. अन् सुखदेव डोळे मिटून वाजवून राहिला, त्याले काईच माहीत नाई.

मुखिया उठला. बस कर म्हने. व्याही म्हने आमी बाटलेल्या घरची पोरगी नेत नाई. मुखिया म्हने थांबा, बसा, पोरगं लहान हाये, त्याचा दोष नाई. पोरानं साऱ्यायपुढं सांगावं का वाजंत्र्यानं जबरीनं आपल्या तोंडात घातली. गोमूत्र पाजू, सनई जाळू, झालं. वाजंत्र्याले मंग आमी पाहून घेऊ. पाहून घेऊ म्हंजे काय ते साऱ्यायले माहीत होतं. त्या वस्तीतल्या एका मानसाले चावडीपुढच्या झाडाले बांधून मारलं होतं, विहिरीजवळून चालला म्हनून, तो मंग कधी सरळ चालला नाई.

डोमाजी हात जोडून उठला. म्हने, बाबू, म्हना, वस्तादानं जबरी केली म्हना. ताईचं लगन हाये. सुखदेवनं माह्याकडं पायलं. इकडं ओटीत नारळ घेऊन तुळसा बसलेली, मान खाली. तिकडं तो मानूस आपलीच पाठ पुढं करून उभा. जन्मभर नवऱ्याच्या वाटचं मी बोलली बाई, पन त्या वक्ती माह्या तोंडातून शब्द निघाला नाई. लगन मोडलं तं तुळसाले जातीत कोन करनार? अन् पोरगं खोटं बोललं तं तो मानूस जित्ता राहीन का?

मंग सुखदेवचा बाप उठला. मले वाटलं आता पोट्ट्याले झोडपते. त्यानं सुखदेवच्या हातातली सनई घेतली, उलटीसुलटी करून पायली, अन् आपल्या तोंडाले लावली. तेच पत्ती. फुकली. फें करून आवाज निघाला, म्हशीचं वगार वरडते तसा. पुन्हा फुकली, गाल लाल झाले, पुन्हा तसाच. मंग धोतरानं तोंड पुसलं अन् मुखियाले म्हने, आता माह्याही तोंडात गेली. मले तं कोनी जबरी नाई केली.

कोनी हासलं नाई. व्याह्यानं बंड्या जुंपाले सांगतल्या. व्याहीनीनं आपला नारळही नाई नेला, तिथंच ठेवून गेली, जसा काई तोही बाटला. डोमाजीले मात्र मंग कोनाले हात लावता आला नाई, कारन आता गुन्हा कोनाचा ते ठरेना.

जातीनं आमाले बाहेर टाकलं. धानाच्या रोवन्याले एकही बाई येईना. मी अन् तुळसा दोघीच वाकून वाकून रोवनं लावत, बाजूच्या बांधीतल्या बाया आमाले पाहून गानं बंद करत. मुखियानं निरोप धाडला, जातीले जेवन द्या, सनई मोडा, घेतो वापस. नवरा उठून गेला. हे सारं सोसलं असतं बाई. पन सुखदेवनं सनई छपराच्या आड्यावर खोचून ठेवली अन् हातच लावना. वस्तादाकडं जाईना. बहिनीच्या पुढून जाईना, ती आंगनात असली तं हा घरामांगच्या सांदवाडीतून जाये. मी म्हनो, अरे, ज्याच्यापायी एवढं झालं ते तरी कर. म्हने, नोको माय, माह्यापायी तिचं मोडलं, मले आवाज ऐकू आला का तेच दिसते. वस्ताद धुऱ्यावर येऊन उभा राहे, ओरडत नव्हता, उभा राहे अन् चालला जाये. मले वाटे का दोन्ही लेकरं हातची गेली. पोरीचं घर गेलं अन् पोराचा सूर गेला, अन् आमी कायले एवढं केलं?

सालं गेले. तुळसाच्या वयाच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन माहेरी येत, ही विहिरीवर त्यायच्यापासून दूर उभी राहे. कधी बोलली नाई मले, पन माह्याकडं पाहतही नव्हती.

मंग लांजीकडून, तिकडं एमपीतून, एक स्थळ आलं. नवऱ्यानं काई लपवलं नाई, पहिलेच सांगतलं का आमी जातीबाहेर हाओ, असं असं झालं. तो व्याही आधं हिंदी आधं मराठी बोले, म्हने हमारे घर में भी ऐसा हुआ, चलता है. लगनाले इथल्या जातीतलं कोनी आलं नाई. अर्धा मांडव खाली. नवऱ्यानं डोमाजीच्या वस्तीले सांगतलं, ते आले पन मांडवाबाहेर उभे. नवऱ्यानं एकेकाचा हात धरून आत आनून बसवलं, मी जीव मुठीत धरून व्याह्याकडं पाहत होती.

अन् तुळसा उठेना. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, पन पाटावरून उठेना. बामन म्हने मुहूर्त चालला. ती म्हने, सुखदेव वाजवन तवा उठीन. सुखदेव खांबाआड लपून रडून राहिला होता, म्हने ताई, मले नाई येत आता, मी सोडलं. तुळसा अशी बोलनारी पोरगी नव्हती, बापावर गेलेली. पन साऱ्या मांडवात ऐकू जाईन असं म्हनली, माहं मोडलं ते तू सोडाले नाई मोडलं.

पाहुने उठले तं दुसऱ्यांदा कोन येनार होतं आमच्या दारी? तेवढ्यात लांजीचा व्याही म्हने, बजा ना बेटा, मुहूर्त निकल रहा है, भूख भी लगी है.

डोमाजीनं आपली सनई सुखदेवच्या हातात देल्ली. वाजवलं त्यानं. चांगलं नाई वाजलं बाई, खोटं नाई सांगत, दम पुरेना, मधातच तुटला, पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. मी पदर तोंडात कोंबून उभी. वस्ताद बाजूले बसून म्हने, सूर तोच हाये, दम येते बाबू, दम मांगून येते. तुळसा उठली. त्या तुटक्या सुरावरच चालत गेली अन् माळ घातली.

आता तो डोमाजी नाई, माहा नवरा नाई. मुखियाही गेला बिचारा, त्याच्या नातवाच्या लगनात गोंदियाचा बँड होता. जातीत आमाले वापस घेतलं का, म्हनून विचारता तं कोनी घेतलंही नाई अन् आता कोनी टाकतही नाई, लोकं विसरले. सुखदेव अजून वाजवते, या अंगच्या दहा गावात त्याले बोलावनं येते, पोट्टे शिकाले येतात त्याच्याकडं, कोन्या जातीचे येतात ते मी विचारत नाई. तुळसा लांजीले सुखात हाये. दिवाळीले येते, माह्याजवळ बसते, डोक्श्याले तेल लावून देते, पन ते सालं कसे काढले ते अजून सांगत नाई, अन् मलेही विचाराची हिंमत होत नाई. राहू द्या. तिचं मन तिच्यापाशी. देवानं तिले भरपूर देवो, अन् बाई, तुमच्याही लेकरायले.