बुवांची जागा

बेनचं नवं गाणं ऐकलंत का रे? माझ्या भाच्याचा तो अमेरिकन दोस्त, तिकडची लोकगीतं, जॅझ, चर्चमधली भजनं असं सगळं एकत्र करून गाणी रचणारा. एकदा गणपतीत मिरजोळ्याला आमच्याकडे आला होता. घरापुढच्या खळ्यात जाखडी नाचून झाल्यावर त्यानेही गिटार काढून एक गाणं म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर जाखडीत सवाल-जवाब गाणारे म्हातारे शाहीर शंकरबुवा भडकले.

“टाळ्या कसल्या वाजवताय? काय म्हणतोय तो?”

मी म्हटलं, “आई गेली, आता घरी माझी वाट कोण बघणार, असं विचारतोय.”

“म्हणजे सवाल टाकलान ना त्याने? मग जवाब दिल्याशिवाय उठायचं कसं?”

बुवांनी मृदंग मागवला आणि तिथल्या तिथे रचून गायले, “पाणंद बघेल, पायरी बघेल, नाहीच कोणी, तर हा शंकर बघेल.” भाच्याने अर्थ सांगितला तसा बेन रडायलाच लागला.

बुवा गेल्या वर्षी गेले. नव्या गाण्यात बेन तोच सवाल गातो आणि मध्येच सगळं शांत होतं. मला वाटलं मोबाइल अडकला, म्हणून दोनदा झटकला. शेवटी भाच्याला विचारायला लावलं.

बेनने कळवलं, “बिघडलेलं काही नाही. ती जागा बुवांची आहे.”