जे राहणार आहेत त्यांना शिकवा

मी मंगला. सासर जाधवांचं, माहेर पवारांचं, आणि दोन्ही इंदूरातच, लालबागच्या मागच्या गल्ल्यांमध्ये. आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते म्हणतात, घोडे सांभाळायचे, पण ते ऐकलेलं, मी काही पाहिलं नाही. महाराष्ट्रातून पाहुणे येतात ना, ते माझं बोलणं ऐकून हसतात, की ही मराठी आहे की हिंदी, तर मी सांगते, भिया, म्हणजे भाऊ, समजतंय ना तुम्हाला, मग बस. तुम्ही पण हसा ताई, पण लिहाल तेव्हा मी बोलते तसंच लिहा.

माझे वडील कपडा मिलमध्ये होते, मागावर. मिल बंद झाली तेव्हा मी शाळेत जायची. दादा, आम्ही वडिलांना दादाच म्हणायचो, ते किती तरी महिने रोज आंघोळ करून, भांग पाडून मिलच्या गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. आई बोलायची, अहो दुसरं काही शिका. ते बोलायचे, या वयात मला कोण शिकवणार. आणि खरंच कोणी शिकवलं नाही हो, कोणी विचारायलाच आलं नाही. काय सांगू तुम्हाला, धडधाकट माणूस घरात बसला की घर कसं होतं, सगळे हळू बोलतात. मला तेव्हापासून राग आहे. मालक लोक काम बंद करतात, मशीन बदलतात, ते चालायचंच, पण बदलायच्या आधी माणसाला शिकवत का नाहीत, याचा राग.

तर मी. आठवी पास. लग्न झालं, मालक माझे लोडिंग रिक्षा चालवतात, स्वभावाने गरीब, माझ्यासमोर तर फारच गरीब. मुलं शाळेत जायला लागली तशी मी इथून जवळ पीथमपूरला कारखान्यात लागले. गाड्यांमध्ये लागतात ना छोट्या लोखंडी रिंगा, त्या बनतात तिथे. अपन बाया तपासणीवर. लांब टेबल, वर ट्यूबलाइट, एकेक रिंग बोटावर फिरवून बघायची, खरोंच, म्हणजे ओरखडा, असली तर बाजूला, नसली तर डब्यात. कंपनीची बस घ्यायला येते, माझ्या बाजूला शकुन बसायची, आमच्याच टेबलावरची. ती इथलीच, मालवी बोलणारी, वाटेत राऊ गाव लागतं तिथे बसमध्ये चढायची, मला जीजी म्हणते, मोठी बहीण. इतकी वर्षं एका सीटवर बसलो की घरचं, दारचं, सासूचं, सगळं एकमेकींचं पाठ झालं.

आता मशीनवरची पोरं. ती सगळी आयटीआयवाली, चांगली पोरं असतात, त्यांना कंपनी शिकवते, पुण्याहून माणूस बोलावून शिकवते. आणि पोरगं शिकलं की काय करतं? गुजरातला जातं. नाहीतर पुण्याला. तिथे पगार जास्त, आणि या वयात कोणाला आईच्या हातचं खाऊन पीथमपूरला राहायचंय. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझा स्वतःचा मुलगा विजय नगरात कॉम्प्युटरवर बसतो, रिंगांकडे बघत पण नाही. पण कंपनीचं बघा, परत नवीन पोरगं, परत शिकवणं, परत ते जाणार. गळक्या माठात पाणी भरायचं काम. आमचे मॅनेजर गुप्ताजी डोकं धरून बसायचे.

मग आलं ते कॅमेऱ्याचं मशीन. मतलब, आम्ही जे डोळ्याने करायचो ते हे करणार. रिंग पट्ट्यावरून जाते, कॅमेरा बघतो, खराब असली की फूं करून हवा मारून फेकून देतो. कोणी काही बोललं नव्हतं, की तुमचं काय होणार, पण आम्ही काही कुकुली बाळं नव्हतो. त्यावर आयटीआयचा पोरगा ठेवला. मी गुप्ताजींना विचारलं, आम्हाला नाही का शिकवणार. ते बोलले, मंगलाबाई, हेड ऑफिसचं प्लानिंग आहे, ऑपरेटर आयटीआयच पाहिजे, मेरे हाथ में नहीं है.

आता ऐका. खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी घरात जे हत्यार असेल, अवजार असेल, त्याची पूजा करतात, तशी कारखान्यात मशीनची होते, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. कंपनीचे शेठजी स्वतः आले, बोलले, नवीन मशीनला बायांच्या हातून कुंकू लावा, लक्ष्मी आहे ती. ताट शकुनच्या हातात. तिने मला विचारलं, जीजी, इसका माथा कहाँ है? आता मशीनला कुठलं आलं कपाळ. तिला समोर एक गोल काच दिसली, एखाद्या देवाच्या डोळ्यासारखी, तिने तुपात कालवलेलं कुंकू चांगलं ठसठशीत तिथे लावलं, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले, शेठजींनी पण.

तो कॅमेरा होता.

दसऱ्यानंतर मशीन चालू केलं, तर काय, प्रत्येक रिंग खराब. फूं, फूं, फूं, सगळा माल खाली. आणि ऑपरेटर पोरगा? तो दसऱ्याला गावी गेला तो तिकडूनच गुजरातला, फोन पण उचलेना. गुप्ताजी आले, लाल काच बघितली आणि जे ओरडले की पूछो मत. शकुन धावत गेली पदराने पुसायला, तर तूप अजून पसरलं. गुप्ताजी बोलले, हात मत लगाओ, तुम लोगों को मशीन के पास आने किसने दिया. अहो, शेठजींनीच दिलं होतं, पण ते त्या वेळी कोण बोलणार. शकुन रडत रडत बाहेर गेली, आणि दुसऱ्या दिवशी राऊला बसमध्ये चढलीच नाही. नोकरी सोडली तिने.

पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला, व्हिडिओवाला. तो बोलला, मला यायला दोन दिवस लागतील, कोणीतरी उघडून साफ करा, मी सांगतो तसं. मी पुढे झाले. गुप्ताजी बोलले, मंगलाबाई, नहीं. मी म्हटलं, कुंकू आमच्या हाताने लागलंय, आमच्याच हाताने निघू दे, आणि बिघडलं तर मला काढा, हे फोनवरचे साहेब ऐकतायत. मग तो इंजिनियर बोलत गेला, मी करत गेले, झाकण, स्क्रू, ते खास कापड, त्याचं ते पाणी. भला माणूस, एकदा पण चिडला नाही. मशीन चाललं.

मी तिथेच, हात पुसायच्या आधी, गुप्ताजींना बोलले. म्हटलं, तुम्ही जाणाऱ्यांना शिकवताय. आम्ही कुठे जाणार, आमची घरं इथे, सासू-सासरे इथे, रेशनकार्ड इथे. जे राहणार आहेत त्यांना शिकवा ना. ते बोलले, देखते हैं. देखते हैं म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. मग मी रोजची साफसफाई मागून घेतली. शिफ्ट सुटली की आम्ही चार-पाच बाया ते मशीन उघडायचो, पुसायचो, बंद करायचो, इंजिनियरला फोनवर विचारायचो, साहेब हे काय, ते काय. त्यासाठी बस थांबवायला लागायची, ड्रायव्हर भियाशी भांडण, बसमधल्यांशी भांडण, घरी उशीर झाला म्हणून तिकडे भांडण. भांडले.

मशीनवर ठेवलेला पुढचा पोरगा पण गेला. माल जायचा होता, गाडी गेटवर उभी, मशीनवर कोणी नाही. गुप्ताजी टेबलाजवळ आले, ओरडले नाहीत, हळू बोलले, मशीन चला लोगी? मी म्हटलं, हो. त्या दिवशी एकेक बटण दोन-दोनदा बघून दाबलं, पण चालवलं. मग त्यांनीच हेड ऑफिसला लिहिलं, बायांना मशीनवर घेऊ द्या म्हणून, आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसून स्क्रीनवरची इंग्रजी अक्षरं शिकवली. माणूस तोंडाचा तिखट आहे, मनाचा नाही.

सगळ्या वाचल्या असं खोटं नाही सांगणार. टेबल गेलं. काही बाया पॅकिंगला, काही घरी बसल्या. आम्ही चौघी मशीनवर. आता दुसरं मशीन येतंय, त्यावर अजून बाया शिकवायच्या, आणि कोणाला घ्यायचं ते गुप्ताजी मला विचारतात. मी पहिलं नाव शकुनचं दिलं.

तिच्या घरी गेले तर ती पापड लाटत होती. बोलली, जीजी, म्हारा हाथ धूजे, फेर कईं बिगड जाय तो? मी म्हटलं, धुजू दे, थरथरू दे हात, काही बिघडलं तर परत पुसू. चहा पाजला तिने आणि परत पापड लाटायला बसली. सोमवारी मी बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली. राऊला बस थांबली, नाही आली. त्याच्या पुढच्या सोमवारी पण नाही. बाकीच्या बाया कुरकुर करतात, आम्ही उभं राहायचं आणि सीट रिकामी. करू दे कुरकुर. गुप्ताजींना सांगून ठेवलंय, मशीन लागेपर्यंत ती जागा कोणाला देऊ नका. ते बोलले, और नहीं आई तो? म्हटलं, मी परत जाईन तिच्याकडे.

चला ताई, तुमच्या हाताला नेहमी काम राहो, अजून काय देणार मी. तुम्ही महूला चाललाय ना, राऊवरूनच जाल. तिथल्या रेल्वे फाटकापाशी शकुन पापडवाली विचारा, कोणी पण घर दाखवेल. पापड घ्या तिच्याकडून, छान असतात, आणि सांगा, जीजीने पिशवी अजून उचलली नाही.