दानिएलची बायको

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, पण तिथं मिशनचा कंपाउंड होता, शाळा होती, दवाखाना होता, आन् आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिपाई. हिवाळ्यात अमेरिकेचे पाहुणे यायचे, त्यांना आम्ही साहेब-मडम म्हणायचो, आन् ते यायच्या दिवशी आई आमच्या डोक्यावर चप्प तेल घालून वेण्या घालायची आन् शाळेत आम्हाला रांगेत उभं करायचे, गाणी म्हणायला. मडम गालाला हात लावायची, फोटो काढायची, गोळ्या वाटायची. गोळ्या छान असायच्या, खोटं कशाला बोलू.

लग्न झालं ते दानिएलशी. नाव घेतलं बघा, पूर्वी घेत नव्हते. हे नगरला कारखान्यात फिटर होते. यांची थोरली बहीण नर्स, ती आधी ह्यूस्टनला आलेली, तिनं आमचे पेपर फाइल केले, आन् ते यायला इतकी वर्षं लागली की आमची रूथ तोवर शाळेत जायला लागली होती. मग इकडं ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आलो. हे एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मेंटेनन्सला लागले, मी शाळेच्या कॅफेटेरियात, अजून तिथंच आहे. पोरांना वाढायचं, आपण घरी वाढतो तसंच, फक्त डोक्याला जाळी लावून. बरोबरीच्या सगळ्या मेक्सिकोच्या बाया, त्यांच्याकडून मला किचनपुरतं स्पॅनिश आलं, म्हणजे पाणी, मीठ, गरम आहे, सरक बाई, माझा नवरा असा आन् तुझा नवरा तसा.

आमचं चर्च गोऱ्या लोकांचं, भलं मोठं. दर वर्षी तिथली टीम ग्वाटेमालाला जाते, आठवडाभर, मिशन ट्रिप म्हणतात. डोंगरातलं एक खेडं आहे. एका वर्षी त्यांना पाइप जोडणारा माणूस पाहिजे होता, हे गेले, आन् मग जातच राहिले. सुट्टी तेवढीच मिळायची, ती सगळी तिकडं. मी म्हणायची, आपण नगरला जाऊ, आई थकलीय, तर हे म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. काय सांगू तुम्हाला, माझी आई गेली तेव्हा हे त्या डोंगरात नळ बसवत होते, फोन लागेना, मी एकटी विमानात बसून गेले आन् पोचेपर्यंत मातीही झाली होती. तो राग माझ्या पोटात राहिला. बोलले नाही असं नाही, लई बोलले, पण बोलून तो गेला नाही.

आन् मग हेच गेले. ऑगस्टचं ऊन, इथलं ऊन तुम्हाला माहितीय, अंगाला चिकटतं, हे कुणाचा तरी एसी दुरुस्त करायला छतावर चढले, खाली आले, पाणी प्यायले आन् बसल्या जागी संपले. चर्चनं सगळं केलं, नाव ठेवायला जागा नाही, पण काय केलं तर सेलिब्रेशन ऑफ लाइफ केलं. यांच्या फोटोंचा स्लाइड शो, लेमोनेड, सँडविच. पास्टर म्हणाले डॅन इज होम, सगळे हसून माझ्याकडं बघायचे, हलकेच मिठी मारायचे, यू आर सो स्ट्राँग म्हणायचे. मी कसली स्ट्राँग! आमच्याकडं गावाला कुणी गेलं तर बाया फाटकापासून गळा काढत येतात, गळ्यात पडतात, ख्रिस्ती झालो म्हणून काही रडणं सोडलं नव्हतं आम्ही. इथं कुणी रडेचना, मग मी एकटीनं कसा गळा काढायचा? राहिलं ते. घरी आल्यावर रूथ म्हणाली, ममा, इट्स ओके टु क्राय. पण ते असं परवानगी देऊन येत नाही हो. रडू यायच्या जागी मला रागच यायचा, की एवढी वर्षं तिकडं गेलात, मला न सांगता इकडंही गेलात.

पुढच्या वर्षी टीम निघाली तेव्हा लीडर केव्हिन घरी आला. भला माणूस, बँकेत असतो. म्हणाला, आंटी, तुम्ही चला, डॅनच्या नळापाशी आपण छोटीशी पाटी लावू, शुक्रवारी क्लोजिंग सर्व्हिसला गावाला सांगू, प्रार्थना करू. मी हो म्हणाले. भक्तिभावानं नाही बरं का. मला बघायचंच होतं, असं काय होतं तिथं की ज्याच्यापुढं नगर काहीच नव्हतं.

सगळ्यांना हिरवे टी-शर्ट. नियमांची सगळ्यांना ताकीद, नळाचं पाणी प्यायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, कुठंही जायचं तर दोघांनी जायचं. गावात उतरलो तर पोरी रांगेत उभ्या, तेल लावून, वेण्या घालून, आन् गाणं म्हणायला लागल्या. मला एकदम हसूच फुटलं. म्हटलं वत्सला, आता तूच मडम झालीस. गोळ्यांची पिशवीही माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी टीम चर्चच्या भिंतीला रंग द्यायला लागली, पपेट शो मांडायला लागली, मला काही काम नव्हतं. मागच्या बाजूला चुलीचा धूर दिसला. मी गेले, एकटीच गेले, नियम राहिला बाजूला. तीन-चार बाया होत्या, त्यांतली एक माझ्याच वयाची, मार्ता तिचं नाव. त्या मका चुन्यात शिजवून वाटतात आन् त्याच्या एवढ्याएवढ्या भाकऱ्या दोन हातांत थापतात, टपटपटप, बघत राहावं. मार्तानं मला एक गोळा दिला. मला ते हातातल्या हातात जमेना, म्हणून मी फळीवर पीठ भुरभुरलं आन् आपली नेहमीसारखी थापली, मोठी, ताटाएवढी, आन् तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. तर त्या बाया टाळ्या पिटून ओरडल्या, दानिएल! दानिएल!

इथं सगळे यांना डॅन म्हणायचे. त्या बाया दानिएल म्हणत होत्या, आपण म्हणतो तस्सं. बोलणं तिथंही स्पॅनिशच, थोडं शब्दांनी थोडं हातवाऱ्यांनी मला उमगलं. कळलं का तुम्हाला, हा माणूस तिथं रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून भाकरी थापायचा. माझ्या घरी स्वतःचा चहाचा कप उचलून कधी सिंकमध्ये ठेवला नाही! आन् म्हणे तेव्हा सांगायचा की माझी बायको अशी करते, माझ्याहून चांगली करते, पुढच्या वर्षी तिला आणतो. पुढच्या वर्षी! त्यांनाही तेच सांगून ठेवलेलं. मला राग आला आन् हसू आलं, दोन्ही एकदम.

मग मार्तानं माझं मनगट धरलं, दाराकडं बघितलं आन् विचारलं, दानिएल कुठंय? मागून येतोय का?

माझ्या लक्षात आलं, या बायांना कुणीच सांगितलेलं नाही. शुक्रवारी सांगायचं ठरलं होतं ना. मी केव्हिनला हाक मारू शकले असते, त्यानं व्यवस्थित सांगितलं असतं, घरी गेला, प्रभूजवळ आहे, असं. पण ती माझ्याकडं बघत होती, आन् माझ्याजवळ किचनमधलं स्पॅनिश, त्यात असले मऊ शब्द कुठून असणार? नवरा हा शब्द येत होता आन् मेला हा शब्द येत होता. तेवढंच म्हणाले. माझा नवरा. मेला. आन् ते मी पहिल्यांदाच म्हणत होते, कुठल्याही भाषेत.

मार्तानं पदरासारखं तिचं फडकं तोंडाला लावलं आन् जो गळा काढला, अगदी आमच्या गावच्यासारखा, आन् माझ्या गळ्यात पडली. मग बाकीच्या. मग माझंही सुटलं. किती वेळ ते माहीत नाही. यांच्यासाठी रडले, आईसाठी रडले, मातीला पोचले नाही त्याच्यासाठी रडले. तिकडं पपेट शो थांबला. केव्हिन पाण्याची बाटली आन् फर्स्ट एडचा डबा घेऊन धावत आला, बिचाऱ्याला वाटलं मी भाजले. त्याला बघून मार्ता आणखीच रडायला लागली. शेवटी तोही चुलीपाशी खाली बसला आन् डोळे पुसायला लागला, टी-शर्टनंच. शुक्रवारची पाटी शुक्रवारी लागली, चांगलीच लागली, पण गावाला सांगायचं काही राहिलं नव्हतं.

परत आल्यावर चर्चमध्ये मीटिंग झाली, प्रत्येकानं सांगायचं, तुम्ही तिथं काय दिलंत. कुणी रंग सांगितला, कुणी वाटलेले चष्मे सांगितले. मी म्हणाले, मी त्यांना एक वाईट बातमी दिली, आन् त्यांनी मला रडायला जागा दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं कशालाही टाळ्या वाजवतात.

आता बरं चाललंय माझं. नोकरी आहे, रूथ रविवारी येते, यंदा ती म्हणतेय की नगरला आपण दोघी जाऊ, तिकीट बघतेय. मार्ताचं देव भलं करो, तुमचंही करो, एवढं ऐकत बसलात. यांचा राग गेला का विचाराल, तर नाही, येतो अजून. पण आता तो नवऱ्यावर येतो तसा येतो, मेलेल्या माणसावर येतो तसा नाही.